गोधडीवरचा चार्जर

"ताई, वायरलेस चार्जर घेऊ का? त्यानं बॅटरी बसते म्हणतात, खरं का?"

दिवसातून एकदा तरी हा प्रश्न माझ्या काउंटरवर येतोच. विचारणारा बहुतेक वेळा घ्यायचं ठरवून आलेला असतो, त्याला माझ्या तोंडून फक्त 'घ्या' ऐकायचं असतं. पूर्वी मीही तेच म्हणायचे. आता मी आधी उलट त्यालाच विचारते, "घरात कुठं ठेवणार? आणि तिथं रेंज किती येते?" गिऱ्हाईक जरा चमकतं. चार्जरचा आणि रेंजचा काय संबंध, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. हे दोन प्रश्न मी कोणत्या क्लासात शिकले नाही. ते मला निमगाव केतकीच्या रंगनाथतात्यांमुळे कळले, आणि फार उशिरा कळले.

इंदापूरला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला माझा मोबाईल दुरुस्तीचा गाळा आहे. बाई दुरुस्ती करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "मालक कुठं गेलं?" मी मान वर न करता सांगायचे, "मालक तुमच्यासमोर बसलेत, बोला." त्याआधी बारामतीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात मी कॉइल गुंडाळायचं काम करत होते. पंख्याच्या, मोटारीच्या तांब्याच्या तारा. आम्ही सगळ्या बायकाच होतो, कारण बायकांची बोटं बारीक कामाला बसतात, असं मालकाचं म्हणणं. कारखाना बंद पडला. त्याच्या आधीच माझा संसारही मोडला होता. सुप्याला दिलं होतं मला, दोन वर्षांत परत आले. त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. मोबाईल दुरुस्तीचा क्लास केला आणि भावाच्या घरात अडचण नको म्हणून इंदापूरला आले. गाळ्याच्या वरच खोली घेतली. सकाळी जिना उतरायचा, संध्याकाळी चढायचा. इतकी वर्षं तेच चाललंय.

माझं काम बोलायचं नाही. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उघडा पडलेला फोन. गिऱ्हाईक येतं, फोन ठेवतं, "कधी मिळंल?" विचारतं, जातं. परत येतं, फोन घेतं, चालू करून बघतं आणि दुकानाच्या पायरीवरच कुणाला तरी फोन लावून बोलत निघून जातं. बाकीच्या जगाचं बोलणं सुरू करून द्यायचं, असा हा धंदा.

वायरलेस चार्जर आले तेव्हा लोकांना ती जादू वाटली. मला वाटली नाही. आत दुसरं तिसरं काही नसतं, तांब्याच्या तारेची गोल कॉइल असते. एक चार्जरच्या चकतीत, एक फोनच्या पाठीत. चकतीतल्या कॉइलला वीज दिली की वर ठेवलेल्या कॉइलमध्ये वीज तयार होते. मात्र या हातातून त्या हातात पाणी ओतताना थोडं सांडतं, तशी यात थोडी वीज वाया जाते, आणि वाया गेलेली वीज म्हणजे उष्णता. बॅटरीचा खरा वैरी तीच. वायर असो नसो, बॅटरी तापली की तिचं आयुष्य कमी होतं. दोन कॉइल समोरासमोर नीट बसल्या तर फोन कोमट होतो. फोन बाजूला सरकला, मध्ये जाड कव्हर आलं, कव्हरात एटीएम कार्ड किंवा नाणं राहिलं, तर चांगलाच तापतो. सणसरचा एक बागायतदार कव्हरात देवाचा धातूचा टाक ठेवून चार्ज करायचा. फोन भाजायला लागला म्हणून आला आणि मलाच म्हणाला, "देव कोपला का काय, बघा." मी टाक काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "देवाला देव्हाऱ्यात ठेवा, फोन ठीक आहे."

अशा गमती सांगाव्या तेवढ्या थोड्या. रंगनाथतात्यांची गोष्ट त्यातली नाही.

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या शेतात कधी आणि किती जाणार हे बघायचं त्यांचं काम. नोकरी संपली, बायको गेली, मुलगी उज्ज्वला लग्न होऊन नाशिकला. निमगावच्या बाहेर एका पानमळ्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही हातांना कंपवात. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या फोनचं चार्जिंगचं तोंड पार मोडलं होतं.

"पिन घालाया जातो अन् हात उडतो," ते म्हणाले. "सुईत दोरा ववावा तसं हुतंय रोज. लेक सांजच्याला फोन करती. बंद लागला की तिकडं तिचा जीव जातो."

मी तोंड बदलून दिलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा मोडलं. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा आले तेव्हा काही न बोलता त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि आपले हात खाली, धोतराच्या सोग्यात लपवले. ते हात लपवणं मला लागलं.

"तात्या, आता पिनच घालायची नाही," मी म्हटलं. "नुसतं वर ठेवायचं."

त्यांच्या साध्या फोनच्या पाठीत कॉइल नव्हती. पण अशा फोनसाठी कागदासारखी पातळ कॉइल मिळते. तिची पिन एकदाच फोनमध्ये खोचायची आणि बाकीचा कागद कव्हराखाली चिकटवून टाकायचा. मोडलेलं तोंड शेवटचं बदललं आणि मी ती बसवली. चकती निवडताना खूप बघून निवडली: फार वेगात चार्ज करणारी नको, कारण वेग म्हणजे ताप, बाजारात ढिगात मिळते तसली बिननावाचीही नको. चकतीवर फोन ठेवून दाखवला. हिरवा दिवा लागला. तात्यांनी स्वतः करून बघितलं. हात थरथरत होता, तरी फोन बसला, दिवा लागला.

"आगं, लागला की!" ते केवढ्यानं तरी म्हणाले. मग चारदा उचलून चारदा ठेवला.

मी त्यांना सांगितलं, "घरात असाल तेव्हा ठेवूनच देत जा त्याच्यावर. म्हणजे विसरायला नको."

हे वाक्य माझं. ते मला शब्दाला शब्द आठवतं.

पुढं चार-पाच महिने सगळं सुरळीत होतं. तात्या बाजाराला इंदापूरला आले की गाळ्यात यायचे, "झ्याक चाललंय" म्हणायचे, बाकावर बसायचे. मी चहा सांगायचे. ते कालव्याच्या गोष्टी सांगायचे, मी काम करत ऐकायचे. मग उन्हाळा लागला आणि एक दिवस ते म्हणाले, "शालन, फोन मधीच बंद पडतोय. चाळीस टक्के दावतो अन् बोलता बोलता जातो."

मी फोन घेतला. चकतीवर ठेवून बघितला, चार्ज होत होता. माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला, दहा मिनिटं चालू ठेवला. बंद पडला नाही. म्हटलं, "काही नाही, ठीक आहे." ते चहा पिऊन गेले.

दहा-बारा दिवसांनी परत आले. तीच तक्रार. पुन्हा बघितलं, पुन्हा सगळं ठीक. त्या दिवशी ते तासभर बसले. घरी जायची एसटी समोरून गेली तरी उठले नाहीत.

तिसऱ्यांदा आले तेव्हा मे महिना होता. गाळ्यात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि माझ्या हातात एक अवघड बोर्ड होता. तात्यांनी तोच फोन पुढं केला. "बघ की, कालबी गेला बंद."

मी फोन चालू केला. पंचावन्न टक्के. दोन मिनिटं बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, तुमच्या फोनला काहीही झालेलं नाही. एकटं माणूस काहीतरी निमित्त काढतं, मला कळतं ते. गप्पा मारायला यायचं तर खुशाल या, पण त्यासाठी फोनला कशाला आजारी पाडता?"

उभ्या गिऱ्हाइकांतला एकजण हसला. तात्या हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बरं," म्हणाले. फोन उचलून सदऱ्याच्या खिशात घालायला गेले. तो खिशाच्या कडेला दोनदा अडला, तिसऱ्यांदा आत गेला. चहा सांगायच्या आत ते पायरी उतरले होते.

मी बोर्डाकडे वळले. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही. उलट वाटलं, म्हाताऱ्याचं दुखणं आपण बरोबर ओळखलं.

त्यानंतर तात्या आले नाहीत. दोन बाजार गेले, तीन गेले. चौथ्या आठवड्यात दुपारी एक पन्नाशीची बाई आली. तिनं रुमालात गुंडाळलेला फोन काउंटरवर ठेवला. रुमाल पुरता सोडायच्या आधीच मी कव्हर ओळखलं.

"मी उज्ज्वला. रंगनाथ पाटकऱ्यांची मुलगी," ती म्हणाली. "आबा बारामतीला दवाखान्यात आहेत. खुबा मोडलाय. ऑपरेशन झालं."

तात्या सकाळी विहिरीकडे निघाले होते. पानमळ्याच्या बांधावरून पाय घसरला आणि चरात पडले. फोन खिशात होता. त्यांनी काढला, उज्ज्वलाला लावला. एकदा रिंग गेली आणि फोन बंद पडला. परत चालू होईना. सकाळी आठपासून ते तिथंच पडून होते. शेजारच्या वस्तीवरच्या अनसूयाबाईंची शेळी सुटून मळ्यात शिरली, तिच्यामागं त्या आल्या, तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. मे महिन्याचं ऊन.

"माझ्याकडे मिस्ड कॉल दिसला," उज्ज्वला म्हणाली. "मी दहावीच्या सुट्टीतल्या जादा तासावर होते. नंतर लावला तर बंद. आबांचा फोन अधूनमधून बंद पडतोच, म्हणून मीही..." तिनं रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमच्याकडेच दाखवत होते ना ते?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती नुसती विचारत होती.

मी तिच्यासमोरच फोन उघडला. पाठ सोडवायची गरजच पडली नाही, कव्हर काढल्यावर ती आपोआप उचलली गेली. आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. तीन खेपांत मी एकदाही फोनची पाठ उघडली नव्हती. एकदा उघडली असती तर लहान मुलालाही दिसलं असतं.

"घरी चकती कुठं ठेवायचे तात्या?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. ती त्यांचे कपडे न्यायला घरीच निघाली होती. मी गाळा बंद केला आणि तिच्याबरोबर गेले.

खोलीत शिरल्या शिरल्या पत्र्याची धग अंगावर आली. खाटेच्या उशापाशी चारपदरी घडी केलेली गोधडी होती आणि तिच्यावर मधोमध चकती. का, ते लगेच कळलं. टेबलावर ठेवायचा तर थरथरत्या हातातून फोन आपटायचा, घरंगळायचा. गोधडीवर पडला तरी लागत नव्हता. त्यांनी आपल्या परीनं शहाणपणाच केला होता. पण मऊ गोधडीत चकती एका बाजूला रुतत होती. फोन तिरका बसत होता, कॉइलला कॉइल समोर येत नव्हती. निम्मी वीज उष्णतेत जात होती आणि ती उष्णता गोधडी धरून ठेवत होती. वरून पत्रा. आणि तात्या घरात असतील तेवढा सगळा वेळ फोन त्याच्यावर, कारण तसं मी सांगितलं होतं. गोधडी उचलली तर चकतीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता.

मी माझा फोन काढून बघितला. रेंजची एक काडी, तीही येत-जात होती.

मग बाकीचंही उलगडलं. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. चांगली बॅटरी तो जोर देते. तापून तापून म्हातारी झालेली बॅटरी आकडा चाळीसचा दाखवते, पण जोर मागितला की मान टाकते. माझ्या गाळ्यासमोर टॉवर आहे. तिथं रेंज भरलेली, टेबल थंड, हात स्थिर. तिथं तो फोन कधीच बंद पडणार नव्हता. तात्या तिन्ही वेळा खरं सांगत होते. बिघाड त्यांच्या घरी होता आणि मी तो माझ्या टेबलावर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला गेले. भावाच्या घरावरून रिक्षा गेली, मी उतरले नाही. दवाखान्यात तात्या पाठीला उशी लावून बसले होते. वाळले होते. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? दुकान?"

"बंद ठेवलंय." मी उभीच राहिले. "तात्या, चूक माझी आहे. फोन खरंच बिघडला होता. बॅटरी फुगली होती. मी उघडून बघायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुम्ही उगाच येता."

"उगा?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "उन्हातानात यष्टीत उभं ऱ्हाऊन उगा यायला मला काय खूळ लागलंय का? आन तुज्या दुकानात हाय काय, पंखा बी नीट फिरत न्हाय."

उज्ज्वला हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "पण तासतासभर बसायचात. एसटी गेली तरी उठायचा नाहीत. म्हणून मला वाटलं, घरी करमत नसेल."

सांगावं का न सांगावं, असा तात्यांचा चेहरा झाला. मग हळू म्हणाले, "मला करमतंय गं. सकाळी विहिरीवर जातो, मळ्यात चार बाया असत्यात, अनसूया असती, लेकीचा फोन येतो. बसायचो ते येगळं."

"मग?"

"तू डोळ्याला भिंग लावून बसायचीस. माणूस यायचा, फोन ठिवायचा, जायचा. तुज्याशी कोण चकार शब्द बोलायचं न्हाय. पयल्या खेपंला म्या बघितलं, दोन तासात तू कुनाला 'उद्या या' ह्याबिगर काय बोलली न्हाईस. म्हनलं, बसावं घटकाभर हिच्यापाशी. यष्टीचं काय, दुसरी येतीच की."

खाटेच्या कडेचा लोखंडी गज मी धरून उभी होते. इतकी वर्षं मी एकटी राहते हे मला ठाऊक होतं. पण ते बाहेरून दिसतं, कुणाला तरी दिसलं, आणि त्या माणसानं ते मला न सांगता आपल्या वेळेतला वेळ दिला, हे ठाऊक नव्हतं. एकटेपणाचं दुखणं मी बरोबर ओळखलं होतं. फक्त ते कुणाचं, एवढंच चुकलं.

"रडू नगंस," तात्या म्हणाले. "खुबा माजा मोडलाय."

फोनवालीला जे करता येतं तेवढं मी केलं. उज्ज्वलानं पाठीत कॉइल असलेला नवा फोन घेतला, तो मीच निवडून दिला. इंदापूरच्या एका सुताराकडून जाड लाकडी फळी करून घेतली. तिच्यात चकतीची आणि फोनची खाच इतकी नेमकी, की हात कितीही हलला तरी फोन सरळ आपल्या जागीच जाऊन बसावा. खालून वारा जायला पाय ठेवले. तात्यांना सांगितलं, "सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तासभर. भरला की उचलायचा. दिवसभर ठेवायचा नाही." ते म्हणाले, "आधी म्हनलीस ठिवूनच दे." मी म्हटलं, "आधी मला अक्कल नव्हती." त्यांनी मान हलवली, म्हणजे ते त्यांना पटलं होतं.

ते निमगावला परतले नाहीत. काठी घेऊन चालायला लागले तरी उज्ज्वला त्यांना एकटं ठेवायला तयार होईना. तिनं नाशिकला नेलं. निघताना गाडी माझ्या गाळ्यासमोर थांबवली होती. तात्या खाली उतरू शकत नव्हते, मी बाहेर गेले. काचेतून त्यांनी फोन दाखवला, ऐंशी टक्के. मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, आणि ते गेले.

आता गाळ्यातला बाक दुपारी रिकामा असतो. मधे वाटलं, काढून टाकावा, जागा होईल, काढला नाही. गिऱ्हाइकांशी मी थोडं बोलायला शिकले आहे, पण जमतं असं नाही. घर कुठं, पत्रा का स्लॅब, रेंज किती, हे विचारते. लोक उत्तरं देतात, फोन ठेवतात, जातात. वरच्या खोलीत माझा स्वतःचा फोन दोन दोन दिवस चार्ज करावा लागत नाही, इतका तो गप्प असतो. त्याची बॅटरी पाच वर्षं झाली तरी उत्तम आहे.

तात्या मात्र फोन करतात. दुपारी तीनच्या सुमाराला, माझं काम कमी असतं तेव्हा. बॅटरीचं काही नसतं. नाशिकच्या थंडीचं, जावयाच्या कुत्र्याचं, तिकडच्या कालव्याला पाणी कसं वेडंवाकडं सोडतात त्याचं बोलतात. आणि दर वेळी विचारतात, "आज कोन आलतं दुकानात?" मी सांगते: अमका आला, तमकी आली, गर्दी होती, मान वर करायला फुरसत नव्हती. त्यांना बरं वाटावं म्हणून पुष्कळदा रचूनच सांगते.

गेल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. स्टँडवर माणूस नव्हतं. फोन वाजला, त्यांनी विचारलं, "आज कोन आलतं?"

मी तोंड उघडलं आणि का कोण जाणे, रचून सांगायचा कंटाळा आला.

"कुणीच नाही, तात्या," मी म्हटलं. "सकाळपासून कुणीच आलं नाही."

पलीकडं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ते बसले असावेत.

"मंग आज तू बोल," ते म्हणाले. "म्या ऐकतो."